ऑप्टिक न्यूरायटिसनंतरचा दुसरा एमआरआय: एमएसच्या निदानाविषयी एका भावाच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बार्शीचे आहेत आणि त्यांची २९ वर्षांची विवाहित धाकटी बहीण सोलापुरात राहते. तीन महिन्यांपूर्वी तिला उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले, डोळा फिरवताना दुखत होते आणि लाल रंग फिका दिसत होता. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या मज्जातंतूची सूज, असे निदान होऊन तिला सलाइनमधून स्टेरॉइड दिले गेले आणि दृष्टी बरीचशी परतली. त्या वेळी काढलेल्या मेंदूच्या साध्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘अनेक पांढरे ठिपके, डिमायलिनेशनची (म्हणजे मज्जातंतूंवरील आवरणाला इजा झाल्याची) शक्यता’ असे लिहिले आहे. आता न्यूरॉलॉजिस्टनी कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन मेंदूचा आणि सोबत मणक्याचा एमआरआय पुन्हा करायला सांगितला आहे. एका एमआरआयने निदान का झाले नाही, कॉन्ट्रास्टने किडनी खराब होते का, ही तपासणी आता दरवर्षी करावी लागणार का आणि त्यासाठी पुण्याला जावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापुरात रेडिओलॉजीची प्रॅक्टिस करतो. शहरातले, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरकडचे आणि सीमेपलीकडून विजयपूर-कलबुर्गीचेही रुग्ण आमच्याकडे येतात, आणि हेच प्रश्न त्यांचे नातेवाईक फिल्म हातात घेऊन नेहमी विचारतात. न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलेली तपासणी रास्त आहे आणि ती टाळू नये, हे आधीच स्पष्ट करतो. पहिला एमआरआय वाया गेला असेही समजू नये. तो कसा उपयोगी पडणार आहे ते पुढे येईल.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते, आणि जिथे हल्ला होतो तिथे सुजेचा व नंतर व्रणाचा डाग उरतो. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे डॉक्टरांना हे डाग प्रामुख्याने शवविच्छेदनातच दिसत असत. सीटी स्कॅनमध्ये त्यांतले थोडेच उमटतात. १९८१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी एमआरआयवर सीटीपेक्षा कितीतरी जास्त डाग दाखवले आणि तेव्हापासून या आजाराचे निदान पार बदलून गेले. मात्र एमआरआयला डाग दिसतो, डागाचे कारण दिसत नाही. फ्लेअर नावाच्या प्रतिमेत पांढरा दिसणारा ठिपका मायग्रेनमध्ये असतो, रक्तदाब आणि मधुमेहात असतो, वयोमानाने येतो, आणि कुठलाही आजार नसलेल्या माणसांतही कधीकधी सापडतो. म्हणून ‘अनेक पांढरे ठिपके’ एवढ्या वाक्यावर कुणाला एमएस आहे असे म्हणता येत नाही, आणि तसे म्हटले जाऊन वर्षानुवर्षे नको ती इंजेक्शने घेणारे रुग्णही असतात. दुसऱ्या टोकाला, तरुण बाईची तक्रार ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून दिली जाते आणि निदानाला उशीर होतो. दोन्ही टाळायचे असेल तर ठिपका कुठे आहे, कसा आहे आणि केव्हाचा आहे, हे पाहावे लागते.

‘कुठे आणि कसा’ याची माहिती बऱ्याचदा पहिल्याच एमआरआयमध्ये असते. एमएसचे डाग बहुधा लंबगोल असतात, किमान तीन मिलिमीटरचे असतात आणि मेंदूच्या आतील पाण्याच्या पोकळ्यांना, म्हणजे व्हेंट्रिकलना, चिकटून काटकोनात उभे राहतात. बाजूने घेतलेल्या प्रतिमेत ते पोकळीतून वर निघालेल्या बोटांसारखे दिसतात, म्हणून त्यांना डॉसनची बोटे म्हणतात. एडिनबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. सूज लहान शिरांच्या कडेने पसरते म्हणून हा आकार येतो. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या खालच्या कडेला, मेंदूच्या पृष्ठभागाला अगदी लागून आणि मागे मेंदूच्या देठात व लहान मेंदूतही हे डाग येतात. याउलट मायग्रेनचे ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे, गोलसर, पुढच्या भागात विखुरलेले असतात आणि व्हेंट्रिकल किंवा पृष्ठभाग यांपैकी कशालाही स्पर्श करत नाहीत. आपल्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये ठिपक्यांची संख्या असेल, पण ते कशाला चिकटले आहेत हे लिहिले आहे का, ते पाहावे. लिहिलेले नसेल तर जुन्या सीडीवरून ते पुन्हा वाचून घेता येते, त्यासाठी पुन्हा मशिनमध्ये जावे लागत नाही.

निदानासाठी जगभर मॅकडोनाल्ड निकष वापरतात. ते २००१ मध्ये आले आणि २००५, २०१० व २०१७ मध्ये सुधारले गेले. २०१७ पर्यंत त्यांचा गाभा असा होता की आजार मज्जासंस्थेत एकापेक्षा अधिक ठिकाणी झालेला असला पाहिजे आणि एकापेक्षा अधिक वेळा झालेला असला पाहिजे. २०१७ च्या निकषांत व्हेंट्रिकलच्या कडेचा भाग, मेंदूचा पृष्ठभाग व त्याला लागून असलेला भाग, मागचा भाग म्हणजे मेंदूचा देठ व लहान मेंदू, आणि मज्जारज्जू या चार ठिकाणांपैकी किमान दोन ठिकाणी डाग असणे आवश्यक होते. डोळ्याचा मज्जातंतू त्यांत मोजला जात नसे, त्यामुळे केवळ डोळ्याचा त्रास झालेल्या रुग्णांचे निदान अडून राहत असे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२४ च्या सुधारणेत डोळ्याचा मज्जातंतू हे पाचवे ठिकाण मानले गेले आहे, आणि त्याचा पुरावा एमआरआयमधूनच नव्हे, तर ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणारी) किंवा व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश मोजणारी) या तपासण्यांतूनही धरता येतो. ओसीटी नेत्रतज्ज्ञांकडे काही मिनिटांत होते आणि तिला सुई लागत नाही; आपल्या बहिणीची झाली नसेल तर ती करून घ्यावी. डागाच्या मधोमध बारीक शीर दिसते का, हेही नव्या निकषांत पाहतात. मायग्रेनच्या ठिपक्यांत ती क्वचितच दिसते. मात्र त्यासाठी विशेष प्रतिमा घ्याव्या लागतात आणि त्या शक्यतो ३ टेस्लाच्या मशिनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) चांगल्या येतात.

‘एकापेक्षा अधिक वेळा’ ही अट दुसऱ्या एमआरआयचे एक मोठे कारण आहे, जरी २०२४ च्या सुधारणेत ती प्रत्येक रुग्णात सक्तीची राहिलेली नाही. ती तीन मार्गांनी पुरी होते. काही महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये आधी नसलेला नवा डाग दिसला, तर आजार दोनदा घडला हे सिद्ध होते. आपल्या बहिणीचा तीन महिन्यांपूर्वीचा एमआरआय इथेच मोलाचा ठरतो. दुसरा मार्ग कॉन्ट्रास्टचा. ताज्या डागात रक्त आणि मेंदू यांमधली तटबंदी सैल झालेली असते, त्यामुळे शिरेतून दिलेले गॅडोलिनियम तिथे झिरपते आणि तो डाग चमकतो. असे चमकणे साधारण दोन ते आठ आठवडे टिकते. म्हणून एकाच तपासणीत काही डाग चमकले आणि काही चमकले नाहीत, तर ताजे आणि जुने दोन्ही एकत्र सापडले असा अर्थ होतो. पाठीच्या पाण्याची तपासणी हा तिसरा मार्ग. तिच्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे मज्जासंस्थेतल्या सुजेची खूण असलेली प्रथिने, सापडले तर त्यांनाही वजन दिले जाते, आणि न्यूरॉलॉजिस्टनी ती सुचवली तर घाबरून नकार देऊ नये. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अॅटॅक येऊन तीन महिने झाले आहेत आणि मधे स्टेरॉइड दिलेले आहे. स्टेरॉइडने डागांची चमक लवकर विझते. त्यामुळे या वेळी एकही डाग चमकला नाही, तर तेवढ्यावरून आजार नाही असा निष्कर्ष घरी काढू नये.

आता मणक्याविषयी, कारण नातेवाईकांना सर्वांत अनावश्यक वाटणारी तपासणी हीच असते आणि माझ्या मते या रुग्णाच्या बाबतीत ती सर्वांत महत्त्वाची आहे. ‘त्रास डोळ्याला, मग पाठ कशाला?’ असे विचारले जाते. वयोमानाचे आणि रक्तदाबाचे ठिपके मेंदूत कितीही असले तरी मज्जारज्जूत ते सहसा येत नाहीत. त्यामुळे मानेच्या मज्जारज्जूत एक लहानसा, कडेला असलेला, दोन मणक्यांपेक्षा कमी लांबीचा डाग सापडला, तर मेंदूतल्या सगळ्या संदिग्ध ठिपक्यांचा अर्थ बदलतो. डाग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब आणि मज्जारज्जूच्या मधोमध असेल, तर विचार वेगळ्याच दिशेला न्यावा लागतो: न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, किंवा मॉग अँटिबॉडीचा आजार. हे दोन्ही डोळ्यापासूनच सुरू होऊ शकतात आणि पूर्वी ते एमएसमध्येच गणले जात. एनएमओची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, तेव्हा हा आजार निराळा असल्याचे पक्के झाले. हा फरक नावापुरता नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधे एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात. म्हणून लांब डाग दिसला, किंवा डोळ्याच्या मज्जातंतूची सूज फार लांबपर्यंत, दोन्ही बाजूंना अथवा दोन्ही तंतू जिथे एकत्र येतात तिथपर्यंत पोहोचलेली असली, तर रक्तातल्या अॅक्वापोरिन-४ (एनएमओची) आणि मॉग अँटिबॉडी तपासल्याशिवाय औषध सुरू करत नाहीत. मणक्याची तपासणी करताना मानेबरोबर पाठीचाही भाग घेतला जातो का, हे आधी विचारून घ्यावे. कमरेचा एमआरआय या कामाचा नाही, कारण मज्जारज्जू कमरेच्या अगदी वरच्या टोकालाच संपतो.

आपल्या भागात आणखी काही आजार या चित्रात मिसळतात, आणि परदेशी माहिती वाचणाऱ्यांना ते ठाऊक नसतात. क्षयाच्या गाठी आणि मेंदूतली जंताची गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, कॉन्ट्रास्टमध्ये कड्यासारखी चमकते. एमएसचा ताजा मोठा डागही कधी कड्यासारखा चमकतो, पण ते कडे बहुधा अर्धवट, पृष्ठभागाच्या बाजूला उघडे असते. जंताच्या गाठीत कडे पूर्ण असून आत एक बारीक ठिपका दिसतो. हा भेद कॉन्ट्रास्टशिवाय होत नाही. स्टेरॉइड दिल्याने क्षयरोगीही काही दिवस बरा वाटतो, त्यामुळे ‘औषध लागू पडले म्हणजे एमएसच’ असा तर्क आपल्याकडे धोक्याचा आहे. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यायची झाल्यास छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या तपासण्या आधी का सांगतात, तेही यावरून लक्षात येईल. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते आणि तिच्यातही मज्जारज्जूचा मागचा भाग पांढरा होतो, पण तो दोन्ही बाजूंना सारखा आणि लांबवर. साध्या रक्ततपासणीने तो प्रश्न मिटतो.

कॉन्ट्रास्टची भीती मुख्यतः सीटीच्या आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टवरून आलेली आहे. एमआरआयचे गॅडोलिनियम त्याहून वेगळे असते. ज्यांची किडनी आधीच फार खराब आहे, ढोबळमानाने जीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली, त्यांच्यात जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने कातडी घट्ट करणारा एक गंभीर आजार झाल्याचे आढळले होते, म्हणूनच आधी क्रिएटिनिन तपासतात. निरोगी किडनीला नेहमीच्या मात्रेने इजा होत नाही. २०१४ पासून असेही दिसून आले की वारंवार गॅडोलिनियम घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्याचा अंश साठतो, आणि तो जुन्या, रेषीय रचनेच्या प्रकारांत जास्त असतो. या साठ्यामुळे अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही २०१७ मध्ये युरोपात त्यांतले अनेक प्रकार स्थगित झाले. सेंटरवर ‘मॅक्रोसायक्लिक (म्हणजे रेषीय नव्हे, कड्याच्या रचनेचा) कॉन्ट्रास्ट वापरता का?’ एवढे विचारावे. हा प्रश्न विचारणे रुग्णाचा हक्क आहे. निदानाच्या वेळी कॉन्ट्रास्ट घ्यावाच. त्यानंतरच्या नेहमीच्या तपासण्यांत जुनी प्रतिमा तुलनेला हाताशी असेल, तर बहुतेक वेळा तो लागत नाही.

दरवर्षीच्या एमआरआयविषयी. निदान पक्के होऊन औषध सुरू झाले, की औषधाचा परिणाम दिसू लागेपर्यंतचा काळ जाऊ देऊन, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, एक नवी आधारभूत तपासणी करतात आणि पुढे बहुधा वर्षातून एकदा. नॅटालिझुमॅब घेणाऱ्या आणि जेसी विषाणूची अँटिबॉडी असलेल्या रुग्णांत पीएमएल नावाच्या मेंदूच्या गंभीर संसर्गाची शक्यता असते, म्हणून त्यांना दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. दरवर्षी कशासाठी, तर मेंदूत होणाऱ्या नव्या डागांपैकी बरेचसे कुठलाही त्रास न देता येतात. रुग्ण म्हणतो मी ठणठणीत आहे, आणि एमआरआयमध्ये चार नवे डाग असतात. औषध बदलायचा निर्णय त्यावर होतो. उलट, डागांची संख्या आणि माणसाची अवस्था यांचे गणित जुळेलच असे नाही. डोके डागांनी भरलेले असूनही नोकरी, घर, मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया मी पाहतो, आणि मज्जारज्जूतल्या एका डागाने चालणे अवघड झालेले रुग्णही पाहतो. रिपोर्टमधला आकडा वाचून घरी भविष्य वर्तवू नये.

ही वार्षिक तुलना खरी व्हायची असेल तर दोन्ही तपासण्या सारख्या झाल्या पाहिजेत. भिंतीची भेग वाढली का हे दोन निरनिराळ्या कोनांतून काढलेल्या फोटोंवरून कळत नाही, तसेच इथे आहे. एका वर्षी पाच मिलिमीटर जाडीचे काप आणि दुसऱ्या वर्षी एक मिलिमीटरचे घेतले, तर दुसऱ्या वर्षी डाग ‘वाढलेले’ दिसतात आणि घरात रडारड होते, प्रत्यक्षात आजार होता तिथेच असतो. म्हणून शक्यतो तेच सेंटर, तेच मशिन आणि तोच प्रोटोकॉल ठेवावा. फ्लेअर प्रतिमा थ्री-डी असावी. ते शक्य नसेल तर कापांची जाडी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. दर वेळी सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डायकॉम प्रतिमा (मशिनमधून निघणाऱ्या संपूर्ण डिजिटल फाइल्स) मागून घ्याव्यात. फिल्मवर निवडक प्रतिमाच छापलेल्या असतात, आणि आजच्या फिल्म उष्णतेवर छापल्या जातात. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या काचेखाली किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली फिल्म काळवंडून येते आणि तिच्यावर काहीच वाचता येत नाही.

सोलापूरच्या उन्हाचा आणखी एक संबंध आहे. एमएसच्या रुग्णांत अंग तापले की जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उट्हॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले होते. पारा ४२-४३ अंशांवर असताना दुपारी बाहेर पडल्यावर आपल्या बहिणीला त्याच उजव्या डोळ्याने पुन्हा अंधुक दिसले आणि गारव्यात आल्यावर तासाभरात ते निवळले, तर तो नवा अॅटॅक नव्हे आणि त्यासाठी धावत एमआरआय करायचा नाही. नवे लक्षण, ताप नसताना, चोवीस तासांहून जास्त टिकले, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवावे. या फरकाची जाण असली तर कितीतरी अनावश्यक तपासण्या आणि स्टेरॉइड टळतात.

पुण्याला किंवा हैदराबादला जाण्याविषयी माझे मत असे आहे की तपासणीसाठी जाऊ नये, मताची गरज पडली तर जावे. १.५ टेस्लाच्या मशिनवर वर सांगितल्याप्रमाणे नीट केलेला एमआरआय निदानाला आणि पाठपुराव्याला पुरतो. घाईने उरकलेल्या ३ टेस्लाच्या तपासणीपेक्षा तो सरस असतो. प्रतिमा इथे काढून, मूळ डायकॉम फाइल्स मज्जासंस्थेच्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवून दुसरे मत घेता येते. चिठ्ठीवर मात्र नुसते ‘एमआरआय ब्रेन’ असू नये. ‘एमएसचा संशय, उजव्या डोळ्याचा ऑप्टिक न्यूरायटिस, अमुक तारखेला स्टेरॉइड’ असे लिहून आणावे, आणि डोळ्यांच्या खोबणीच्या, चरबीची चमक दाबून काढलेल्या प्रतिमा हव्यात का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारून त्यावर घालून घ्यावे. चिठ्ठीत जे नाही ते पाहण्याची आठवण रेडिओलॉजिस्टला कोण करून देणार?

तपासणीच्या दिवशी मेंदू आणि मणका मिळून तासभर तरी स्थिर पडून राहावे लागते. मंगळसूत्र, जोडवी, नाकातली चमकी, केसांतले आकडे आणि साडीच्या सेफ्टी पिना घरीच उतरवून याव्यात. जरीचे काठ असलेली साडीही नको. गळा मोकळा ठेवायला घरच्यांची हरकत असेल तर सुती दोऱ्यात ओवलेले काळे मणी आम्ही चालवून घेतो. डोळ्यांना काजळ किंवा मेकअप करू नये, त्यातल्या धातूच्या कणांमुळे नेमक्या डोळ्याजवळच्याच प्रतिमा बिघडू शकतात. पाळी चुकली असेल तर ते आत जाण्यापूर्वी तंत्रज्ञाला सांगावे, कारण गर्भारपणात गॅडोलिनियम टाळतात; अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र कॉन्ट्रास्टनंतर दूध बंद करायची गरज नसते. आपली बहीण २९ वर्षांची आहे. नजीकच्या काळात मूल होण्याचा विचार असेल तर तो तिने न्यूरॉलॉजिस्टना याच भेटीत सांगावा, कारण औषधाची निवड आणि पुढच्या एमआरआयच्या तारखा दोन्ही त्यानुसार ठरवाव्या लागतात.